सतरा नंबरची नळी

आबांचा हात हलका होता. सरकारी दवाखान्यात रक्ततपासणीच्या विभागात ते तंत्रज्ञ होते आणि ज्याची शीर सापडत नाही असा पेशंट वॉर्डातून थेट त्यांच्या टेबलाशी पाठवला जाई. दंडाला रबर बांधायची त्यांना घाई नसे. आधी विचारत, सकाळी काय खाल्लं. भाकरीबरोबर काय होतं, खर्डा होता तर वाटला कुणी, वरून तेल घेतलं का, इथपर्यंत चौकशी चाले आणि माणूस उत्तर देत असतानाच सुई आत जाऊन बाहेर आलेली असे. "झालं की पावणं. आता जावा, कुणाशी भांडायचं ऱ्हायलंय त्येच्याशी भांडा," असं म्हणून ते कापसाचा बोळा दाबत. शाळेच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन जाई आणि भिंतीकडेच्या बाकावर बसून हे पाहत राही. रक्त ही गप्पा मारता मारता काढायची गोष्ट आहे अशी माझी तेव्हा समजूत होती.

आम्ही उद्यमनगराला लागून तीन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मागच्या भिंतीपलीकडं लेथचा कारखाना होता. सकाळी आठला लोखंड कातायला सुरुवात होई आणि तो आवाज संध्याकाळपर्यंत दातांत बसलेला असे. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर लोखंडाचा बारीक कीस येऊन पडे. आई प्रत्येक कपडा दोनदा झटकून मगच घरात आणी. जेवणाच्या सुट्टीत लेथ थांबले की आमचं नेहमीचं बोलणं भांडणासारखं ऐकू येई, कारण आम्ही सगळे लेथच्या वर आवाज काढायला शिकलो होतो. ती सवय गेली नाही. पुढं वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढली, तिथल्या नव्या मुलांना पहिले काही महिने मी चिडलेली आहे असंच वाटे.

आई निपाणीकडची. आपल्या आईला ती अव्वा म्हणे, थोरल्या बहिणीला अक्का. आबा तिच्या सख्ख्या मामाचे चिरंजीव, म्हणजे आमच्या घरात लग्न हे नात्यातच झालेलं होतं आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. लग्नाआधी तिचं नाव कस्तुरी होतं. आबांच्या एका बहिणीचंही नाव तेच, म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं विमल असं लिहिलं गेलं. त्या दिवसापासून ती घरात आणि रेशनकार्डावर विमल झाली, शाळेच्या दाखल्यावर मात्र कस्तुरीच राहिली. दवाखान्यात केसपेपर काढायची वेळ आली की ती क्षणभर थांबे आणि दाखल्यावरचं नाव सांगे. सरकारी कामाला सरकारी नाव, असा तिचा नियम होता. घाईत असली तर मात्र विमल सांगे, आणि एकाच बाईचे दोन केसपेपर निघत. "दोन बायका केल्यागत झालंय मला," आबा म्हणत. "आन् दोघीबी एकाच येळंला रागावत्यात." हे सगळं मी लहानपणापासून पाहिलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही, म्हणून ते इथं आधीच नोंदवते.

बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाल्यावर मला संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली. मार्गदर्शकांचं नाव मी देत नाही. ते आता हयात नाहीत आणि त्यांची बाजू मांडायला येऊ शकत नाहीत. जिथं त्यांची बाजू आहे तिथं ती मीच लिहीन. पन्नाशीचे, किरकोळ बांध्याचे, कायम पांढरा बुशशर्ट. प्रयोगशाळेत येताना चपला बाहेर काढून ठेवत, देवळात ठेवतात तशा. त्यांनी ती प्रयोगशाळा अक्षरशः हातानं उभी केली होती. थंड ठेवायचं कपाट बंद पडलं तर उद्यमनगरातून मिस्त्री आणून स्वतः शेजारी बॅटरी धरून उभे राहत. वीज गेल्यावर मधेच थांबलेला प्रयोग ते पहिल्यापासून करायला लावत, आणि ह्या बाबतीत त्यांनी कधी कुणाला सवलत दिली नाही. खोटा आकडा ह्या माणसाच्या हाताखालून गेला नाही. हे मी तेव्हाही मानत होते, आजही मानते.

विषय असा होता. पेशींमधले टाकाऊ पदार्थ तोडून टाकणारी जी एन्झाइम असतात, त्यांपैकी एक काही मुलांत तयारच होत नाही. मूल वर्षभर चांगलं वाढतं, चालायला लागतं, चार शब्द बोलायला लागतं. मग ते पडायला लागतं. मग शिकलेलं एकेक विसरत जातं, आधी पाय, मग तोंड, शेवटी गिळणं. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी होतं. एकाच बाजूनं आली तर माणूस धडधाकट राहतो, फक्त त्याच्या रक्तात ते एन्झाइम निम्मं असतं. अशा माणसाला वाहक म्हणतात. दोन वाहकांचं लग्न झालं तर दर मुलामागं चारात एक अशी शक्यता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, फोडायच्या, त्यात एक रसायन घालायचं. एन्झाइम असेल तितका पिवळा रंग उमटतो. निरोगी माणसाची नळी गडद पिवळी, वाहकाची फिकी, आजारी मुलाची पाण्यासारखी. आज कुणी थुंकी नळीत घालून कुरिअरनं पाठवतो आणि मोबाइलवर उत्तर येतं. आमच्या वेळी ती नळी बर्फात ठेवून त्याच दिवशी कोल्हापूरला पोचवावी लागे, नाहीतर एन्झाइम मरे.

एका डॉक्टरांकडून सरांना कळलं की आजऱ्याच्या पुढं, घाटाच्या बाजूच्या एका गावात असं एक मूल आहे आणि त्यांच्या नात्यातल्या घरातही पूर्वी एक गेलं. रक्त काढायला कुशल माणूस हवा होता. मी आबांचं नाव सुचवलं. आबांनी दोन दिवसांची रजा टाकली, आइस्क्रीमच्या दुकानातून थर्मासचा मोठा डबा उसना आणला, बर्फाच्या कारखान्यातून बर्फ फोडून घेतला. एस्टीत कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय? मासं?" आबा म्हणाले, "जाताना बर्फ. येताना रगात."

घर काजूच्या झाडांत होतं. समोर भाताची खाचरं. दारात अंथरलेल्या कांबळ्यावर सहा वर्षांचा बाळू पडलेला होता. डोळे उघडे, पाय काडीसारखे, तोंडाला लावलेल्या चमच्यातली पेज अर्धी बाहेर येत होती. त्याची आई हौसाबाई त्याला भरवत होती आणि मधेमधे आमच्याशी बोलत होती. घरात नवराबायको, थोरला मुलगा, त्याची वर्षभरापूर्वी आलेली बायको, अठरा वर्षांची मुलगी संगीता आणि बाळू. संगीता काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायच्या कामाला जाई, त्या दिवशीही गेली होती. मी हौसाबाईंना विचारून घरातल्या माणसांची वंशावळ कागदावर काढली. सुनेचं नाव तिनं सुजाता असं सांगितलं, मी सुजाता लिहिलं.

मग आबा आत उजेडाच्या खिडकीशी बसले आणि मी उंबऱ्यावर वही घेऊन. शेजारपाजारची, भावकीतली माणसं आली होती. एकेक जण माझ्यापाशी थांबून नाव, वय सांगे आणि आत जाई. मी नंबर घालून नळी त्याच्या हातात देई. आतून आबांचा आवाज येत होता. "काय खाल्लं आज?" "आंबील." "नुसती?" "आन् लसणाची चटणी." "मग ओरडू नगं, लसणाचा वास येतोय." सगळे हसले. चौदाव्या नंबरला डोईवरून पदर घेतलेली एक मुलगी होती. नाव विचारलं तर हळू आवाजात म्हणाली, संगीता. वय अठरा. मी मान वर केली नाही. लिहिलं: चौदा, संगीता, ह्याच घरातली. कारखान्यातून लवकर आली असावी, असा विचार मनाला शिवून गेला एवढं आठवतं.

निघताना हौसाबाईंनी आबांना अडवलं.

"डाक्टर, एक इचारू का?"

"मी डाक्टर न्हवं. पर इचारा की."

"आमच्या संगीचं माझ्या भावाच्या पोराशी ठरवलंय. त्या घरातबी एक लेकरू असंच गेलं. तिच्या पोटाला असलं येणार न्हाय न्हवं?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, रक्तातून कळू शकतं.

"मग लग्नाआदी सांगा. वंगाळ असलं तर वंगाळ सांगा. मोडायचं तर आत्ता मोडू. हळद लागल्यावर मोडता येत न्हाय."

"सांगतो," आबा म्हणाले. "शब्द हाय माझा."

तेवढ्यात तिनं बाळूच्या तोंडावरची माशी हाकलली. आबा खाली वाकले आणि त्याला विचारलं, "काय रे मर्दा, आज काय खाल्लंस?" बाळूनं डोळे त्यांच्याकडं वळवले. हौसाबाई म्हणाली, "वळखतोय बगा तुमाला." ओळखत नव्हता. आबांनी मात्र "व्हय, वळखतोय की," असं उत्तर दिलं.

संगीताच्या मामाच्या घरचं, म्हणजे ठरलेल्या नवऱ्या मुलाचंही, रक्त आणि आणखी काही नमुने आणायला दुसऱ्या खेपेला आबा एकटेच गेले, कारण मला प्रयोगशाळेत तयारीत थांबायचं होतं. सरांनी काही जणांचं रक्त खात्रीसाठी पुन्हा मागवलं होतं. त्या दिवशी परतीची एस्टी घाटात बंद पडली आणि आबा पोचले तेव्हा डब्यात बर्फाचं पाणी झालेलं होतं. नळ्यांवर आबांनी स्वतः नावं लिहिली होती. त्यातल्या एकीवर संगीता, अठरा, आणि त्याच घराचा उल्लेख. मी तिला सतरा नंबर दिला आणि पुन्हा मागवलेल्या नमुन्यांपैकी एक असं धरलं.

दोन दिवसांनी आकडे आले. चौदा नंबर पूर्ण पिवळा. सतरा नंबर निम्मा. एकाच माणसाचे दोन नमुने, एक बर्फातून वेळेवर आलेला, दुसरा कोमट पाण्यातून. मी वहीत सतरा नंबरवर काट मारली, पुढं लिहिलं: वाहतुकीत खराब, चौदा ग्राह्य. तेव्हा माझ्या मनात शंका नव्हती. मामाच्या मुलाचा आकडा निम्मा होता, पण संगीता पूर्ण असेल तर त्यानं काही बिघडत नव्हतं.

सरांचा नियम पहिल्या दिवसापासून स्पष्ट होता. आपण संशोधन करतो, रिपोर्ट देत नाही. ह्या चाचणीत निरोगी आणि वाहक यांचे आकडे कधीकधी एकमेकांत मिसळतात. एका चुकीच्या आकड्यानं एखाद्या मुलीचं लग्न मोडेल किंवा न मोडता घात होईल. हा नियम बरोबर होता. पण घरी रोज संध्याकाळी आबा विचारत, "आलं का गं त्या पोरीचं?" आई भाकरी थापत ऐकत असे.

"तुमचं शास्त्र म्हणतंय मामाच्या पोराशी लगीन केलं की पोरं बिघडत्यात," ती एकदा म्हणाली. "मग ही बिघडली का?"

"बिघडलीय की थोडी," आबा म्हणाले. "सकाळी उठत न्हाय."

"ते तुमच्याकडनं आलंय."

त्या रात्रीच्या जेवणात ओल्या काजूची उसळ होती, आबांनीच आजऱ्याहून आणलेले काजू. मी सांगून टाकलं. मी म्हणाले, संगीताला काही नाही, निर्धास्त राहा म्हणावं, पण मी सांगितलं असं कुणाला कळता कामा नये. आबांनी ताटावरून उठून हात धुतले आणि रविवारी सकाळच्या एस्टीनं ते निरोप सांगायला गेले. परत आले तेव्हा पिशवीत पाच शेर घनसाळ तांदूळ होता. हौसाबाई रडली, असं आबा म्हणाले. घरभर त्या भाताचा वास महिनाभर राहिला.

आमच्याकडं डीएनएचं काम सुरू झालं ते त्यानंतर. सरांनी परदेशातल्या एका ओळखीच्या शास्त्रज्ञाकडून आवश्यक ती सामग्री मागवली. जनुकातला बिघाड जिथं आहे तेवढा तुकडा वाढवायचा, त्यावर एका विशिष्ट जागी कापणारं एन्झाइम सोडायचं आणि जेलीसारख्या पातळ वडीत वीज सोडून तुकडे वेगळे करायचे. अतिनील दिव्याखाली ते नारिंगी पट्ट्यांसारखे दिसतात. निरोगी माणसाला दोन पट्ट्या, आजाऱ्याला एक, वाहकाला तीन. साठवलेले सगळे नमुने चालवायचे ठरले. मी यादी केली तेव्हा सरांनी विचारलं, "सतरा कुठं आहे?" मी म्हणाले, खराब झालेला. ते म्हणाले, "एन्झाइम खराब होतं. डीएनए कोमट पाण्यात मरत नाही. खोडलेलं पण चालवा."

चौदा नंबरला दोन पट्ट्या आल्या. सतराला तीन. मी ते पुन्हा चालवलं. पुन्हा तेच आलं. एका माणसाचं एन्झाइम दोन दिवशी वेगळं दिसू शकतं, डीएनए दिसू शकत नाही. ही दोन माणसं होती.

सरांनी वंशावळीचा कागद मागवला, चष्मा कपाळावर चढवून मिनिटभर पाहिला आणि सुजाता ह्या नावावर बोट ठेवलं. तिच्यापुढं मी लिहिलं होतं: रक्त दिलेलं नाही. "दिलंय," सर म्हणाले. "चौदा ही सून आहे. माहेरचं नाव विचारा." मग त्यांनी वहीतली माझी काट दाखवून ती दुरुस्त करायला सांगितली, खाली तारीख घालून सही करायला लावली. मी केली.

"त्या घरी कळवायला हवं का?" मी विचारलं.

"आपण कुणाला काही सांगितलेलंच नाही," ते म्हणाले. "मग बदलून सांगायचा प्रश्न येतो कुठं?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सांगितलंय का?"

मी नाही म्हणाले.

हा क्षण मी बऱ्याच वेळा तपासला आहे. हो म्हटलं असतं तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. त्यांनी शिष्यवृत्ती थांबवली असती का, की डोक्याला हात लावून मला तशीच स्टँडवर पाठवलं असतं, ह्याचा पुरावा नाही. त्यांना संधीच मिळाली नाही. बरोबर असलेला नियम मी आधी मोडला, आणि मोडायची वेळ आली तेव्हा त्याच्या आड उभी राहिले. त्यांच्यावर मला राग धरता आला असता तर सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी आबा कणगीशेजारी पाट घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. वर फळीवर, कोपऱ्यांना हळद लावलेली संगीताची लग्नपत्रिका ठेवलेली होती. मी विचारलं, त्या घरातल्या सुनेचं माहेरचं नाव काय?

"संगीताच की," आबा म्हणाले. "नणंदंचंबी त्येच, म्हणून बदललं. एका घरात दोन संगीता, च्या मागितला तर दोन कप येणार." ते हसले. आई आतून म्हणाली, "माझंबी तसंच केलासा की तुमी." "तुझं बरं झालं," आबा म्हणाले, "कस्तुरी म्हंटलं की मला ताईच आठवायची, आन् ती मारायची." मग माझ्याकडं वळून, "का गं? काय निघालं का?"

"नाही," मी म्हणाले. "वहीत भरायचं होतं."

लग्नाला अठरा दिवस होते. ह्या अठरा दिवसांत मी काय केलं ते आठवतं. शोधनिबंधाचे तक्ते केले. चारात एक, म्हणजे चारात तीन चांगली, हे मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. ते गणित बरोबर आहे. लग्नाला आबा आणि आई गेले. मी प्रयोगाचं कारण सांगितलं, आणि त्या दिवशी खरोखर एक प्रयोग लावला. आईनं येताना बुंदीचे लाडू आणले. मी दोन खाल्ले.

निबंध पुढच्या वर्षी छापून आला. त्यात माझं नाव दुसरं होतं आणि शेवटी रक्तसंकलनासाठी आबांचे आभार मानलेले होते. आबांनी त्या पानाची झेरॉक्स काढून दवाखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली. इंग्रजी त्यांना फारसं वाचता येत नसे, आपलं नाव तेवढं ते येणाऱ्याला दाखवत. तीन वर्षांनी त्याच टेबलासमोर हौसाबाई येऊन उभी राहिली. कडेवर संगीताचा मुलगा होता, दीड वर्षाचा. चालत होता, म्हणाली. आता पडतो.

आबा दुपारीच घरी आले. लेथ चालू होते. ते नेहमीसारखे मोठ्यानं बोलले नाहीत, म्हणून मला त्यांच्याजवळ जावं लागलं.

"कवा कळलं तुला?"

"लग्नाआधी."

"किती आदी?"

"अठरा दिवस."

"अठरा दिवसांत एस्टी न्हवती?" एवढंच त्यांनी विचारलं. काचेखालचं पान त्यांनी काढून टाकलं, हे मला त्यांच्या सहकाऱ्यानं सांगितलं. त्यानंतरही ते माझ्याशी बोलत असत. दूध आलं का, पंखा बंद कर, जेवून घे. माझ्या कामाबद्दल त्यांनी मला मरेपर्यंत एकही प्रश्न विचारला नाही.

मी तत्त्वासाठी संशोधन सोडलं असं काही जणांना वाटतं. तसं नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली, पुढची मिळाली नाही, वर्तमानपत्रात विज्ञानाची पुरवणी सुरू होत होती, तिथं मी अर्ज केला. डेस्कवर माझी ख्याती अशी होती की मी नावं तीनदा तपासते. तरुण वार्ताहर कंटाळत. माणसाचं नाव दोन ठिकाणी वेगळं आलं तर मी त्यांना फोन करायला लावत असे, आणि कारण सांगत नसे.

आबा गेल्यानंतरच्या वर्षी मी त्या गावी गेले. एकटी. हौसाबाई वारलेली होती, बाळू त्याआधीच. संगीताचं सासर तिथून दोन मैलांवर. ती अंगणात काजू वाळत घालत होती. पन्नाशीकडं झुकलेली बाई, काजूच्या तेलानं काळी पडलेली बोटं. ही बोटं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी आबांची मुलगी म्हटल्यावर तिनं बसायला खुर्ची दिली. मी सगळं क्रमानं सांगितलं. चौदा, सतरा, काट, पट्ट्या, अठरा दिवस.

"तुमचे आबा म्हणालते," ती शेवटी म्हणाली, "की नळ्या त्येंच्या हातनं अदलाबदल झाल्या."

मी म्हणाले, तसं नव्हतं.

"आमच्या ह्येंनी त्येंच्या तोंडात मारली तवा. हितंच, ह्या अंगणात. चष्मा पडला. त्येंनी उचलला आन् पोराजवळ जाऊन बसले. मग दर म्हैन्याला यायचे. पोरगं गेलं तवर यायचे. ह्येच त्येंना स्टँडवर सोडाय जायचे मग." तिनं काजू हातानं पसरले. "तुमचं नाव कवा काडलं न्हाई त्येंनी."

मला हे काहीच माहीत नव्हतं. रजेच्या दिवशी आबा कुठं जातात हे मी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, मला माफी मागायची होती.

"मागा की," संगीता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "पर ह्ये तुमी तुमच्यासाठी आलायसा. माझ्यासाठी यायचं असतं तर तवाच आला असता. आता मी काय करू ह्येचं?"

थोड्या वेळानं तिनं आत जाऊन चहा आणला. नंतर झालेली मुलगी चांगली आहे, गडहिंग्लजला कॉलेजात आहे, असं तिनं स्वतःहून सांगितलं. तिच्यासाठी स्थळं येत होती. नात्यातली नाहीत, तरी रक्त तपासून घ्यायचं आहे, ते हल्ली कुठं होतं, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, कोल्हापुरात होतं, मी बरोबर येते, माझ्या ओळखीचे आहेत.

"न्हाई," ती म्हणाली. "निस्ता पत्ता द्या. तुमचं नाव सांगू नका तितं. आमचं आमी बघतो."

तिनं मुलीची एक जुनी वही आणि पेन पुढं केलं. मी पत्ता लिहिला. त्याखाली चाचणीचं नाव, डीएनएचीच मागा असं, आणि त्याखाली जनुकाचं नाव सुट्या अक्षरांत. तिनं ते पान माझ्यासमोर वाचलं, अक्षर लागत नव्हतं तिथं मला विचारलं, घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवलं आणि काजू पालटायला उठली.